बोटीचे दात

शनिवार आमच्या लेआउटमध्ये टँकरचा वार. उरलेल्या महाराष्ट्रात तो मारुतीचा असतो. नागपूरजवळच्या बेसात, निदान एप्रिल-मेमध्ये, मारुतीने अर्धा वार टँकरवाल्याला सोडून दिलेला आहे. सकाळी साडेसहाला कोपऱ्यावर भोंगा वाजतो आणि निळे ड्रम, प्लॅस्टिकच्या बादल्या, कोणाच्या तरी लग्नात आलेले स्टीलचे गुंड आणि रात्रीच्याच कपड्यांतले आम्ही, असे सगळे रस्त्यावर येतो. पाइपाच्या तोंडाशी कोण आणि शेपटाशी कोण, हा प्रश्न दर शनिवारी पहिल्यांदाच पडल्यासारखा चर्चेला येतो.

अशाच एका शनिवारी टँकरच्या मागोमाग एक छोटा हत्ती आत शिरला. मागे बारदानात गुंडाळलेलं काहीतरी दोरीने बांधून उभं केलेलं होतं. उंची माझ्या कमरेएवढी. शेजारच्या काकाजींच्या फाटकासमोर गाडी थांबली आणि त्यांचा भाचा खाली उतरला.

"मामाजी आहेत का? बोटमध्ये पाणी घुसलं."

टँकरच्या धबधब्यात अर्धंच ऐकू येतं. समोरच्या घरातल्या आजींना 'बोट' आणि 'पाणी' एवढंच ऐकू आलं. "नखुरडं असेल रे बापा," त्या म्हणाल्या, "लिंबाला भोक पाडून आत बोट खुपसून ठेव. दोन दिवसांत उतरते."

मी निवृत्त मराठीचा मास्तर. हाताचं बोट आणि पाण्यातली बोट या दोघांना मराठीने एकाच खुर्चीवर बसवलं आहे, फक्त लिंग वेगळं ठेवलं आहे, हे मी वर्गात पस्तीस वर्षं सांगितलं. त्याचा उपयोग रस्त्यावर व्हायची ही पहिली वेळ. "आजी, ते बोट नाही, ती बोट," मी म्हणालो. आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या रिकाम्या गुंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याचं भाषांतर असं: उन्हाने सरांचं डोकं फिरलं.

आजींचं चुकलं असंही नाही. बेसात बोट येण्याचं कारण काय? समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, आणि तो एवढा लांब जाऊन संपतो तिथेही भिवंडी तालुका लागतो, समुद्र नाही. आमच्याकडची जलवाहतूक म्हणजे वैनगंगेवरचे ढिवरबांधवांचे डोंगे, पेंचच्या बाजूला कोलितमाऱ्याची सफर, रामटेकला खिंडसीवर हौशी लोकांना फिरवणाऱ्या बोटी आणि अंभोऱ्याला पाच नद्यांच्या संगमावर जाऊन काढलेले फोटो. काकाजींचा भाचा अशाच एका जलाशयावर (कोणत्या, ते सांगत नाही; त्याचा धंदा आहे) सुट्ट्यांच्या दिवसांत लोकांना चक्कर मारून आणतो. त्याची स्पीडबोट कोकणातून जुनी घेतलेली. शाळांना सुट्ट्या लागल्या, गिऱ्हाईक काठावर उभं राहिलं, आणि बोट पुढच्या गिअरमध्ये टाकली की आतून कोणीतरी फुटाणे खात असल्यासारखा आवाज यायला लागला.

बारदान सोडलं. आत जे होतं त्याला 'स्टर्न ड्राइव्ह' म्हणतात. भाचा त्याला 'शेपटी' म्हणतो, आणि मला वाटतं त्याचाच शब्द बरा.

ही शेपटी काय करते ते समजायला बेसाचा माणूस असणं फार सोयीचं पडतं. सीताबर्डीहून घरी यायचं तर तुम्ही वर्धा रोडने सरळ दक्षिणेला निघता. तिथल्या दुमजली उड्डाणपुलाची लांबी ३.१४ किलोमीटर आहे, गिनीज बुकात नोंद झालेली. वर्तुळाशी संबंध असलेल्या कोणाही माणसाला हा आकडा पाहून बरं वाटावं. मग उज्ज्वलनगरजवळ काटकोनात वळून रेल्वेलाइन ओलांडायची. २०२० मध्ये तिथे पूल आणि भुयारी रस्ता झाला. त्याआधी फाटकाशी आयुष्याचा बराच भाग गेलेले लोक मनीषनगरात आजही भेटतात. लाइन ओलांडली की पुन्हा काटकोनात वळायचं, पुन्हा दक्षिणेला, आणि बेसा चौक. म्हणजे निघालात त्याच दिशेने पोचलात, पण मध्ये दोनदा वळलात.

बोटीत इंजिन आडवं, आतल्या बाजूला, मागच्या भिंतीला लागून बसवलेलं असतं. त्याचा दांडा भिंतीतून मागे येतो. तिथे शेपटीच्या वरच्या डब्यात दातेरी चाकांची एक जोडी त्याला काटकोनात खाली वळवते. उभा दांडा पाण्याखाली जातो. खालच्या डब्यात दुसरी जोडी त्याला पुन्हा काटकोनात मागे वळवते आणि टोकाला पंखा फिरतो. वर्धा रोड, मनीषनगर, बेसा. ही रचना १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोटींच्या प्रदर्शनात व्होल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीने बाजारात आणली. कल्पना जिम विन नावाच्या अमेरिकन गृहस्थाची, ज्यांनी त्याच्या आदल्या वर्षी एका छोट्या बोटीतून, मागे टांगलेल्या मोटरच्या जोरावर, अटलांटिक ओलांडला होता. मी हे सांगितलं तेव्हा काकाजी म्हणाले, "व्होल्वो म्हणजे पुण्याची?" नागपुरात व्होल्वो म्हणजे रात्री निघून सकाळी पुण्याला पोचणारी गाडी, ती पाण्यात उतरते हे कोणालाच पटत नाही.

काकाजी एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा, या तीन ठिकाणी एसटीच्या म्हाताऱ्या गाड्या तरुण होतात, त्यातलं हे तिसरं. काकाजींनी आयुष्यभर गाडीच्या मागच्या आसातले क्राऊन-पिनियन (मोठं आणि लहान दातेरी चाक) उघडले आणि मिटले. बसचंही इंजिन पुढे, दांडा मागे, आणि काटकोनात वळवून ताकद चाकांना. त्यामुळे शेपटी पाहून ते जरासुद्धा बिचकले नाहीत. दोन्ही तळवे लावून तिला चाचपलं, पंखा हाताने पुढे-मागे हलवला, कान लावला आणि म्हणाले, "हे तं डिफरन्शियलच हाये. उभं करून ठेवलं फक्त."

मग त्यांनी कवळी काढून बाकावरच्या स्टीलच्या वाटीत ठेवली. बारीक काम असलं की ते कवळी काढतात. तोंडात दात असले की लक्ष तिकडे जातं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही बाहेरचे लोक हे पाहून हसतो, पण ज्यांचा सगळा जन्म दुसऱ्याचे दात तपासण्यात गेला त्यांना स्वतःचे आड येत असतील तर काय बोलणार?

बंद डब्यातली चाकं दिसत नाहीत. म्हणून आधी त्यांचं तेल पाहायचं. खालच्या टोकाला एक प्लग असतो, वर एक. भाचा धावत पाना घेऊन वरच्या प्लगला भिडला, तेव्हा काकाजींनी त्याचा हात धरला. "आधी खालचा. अन् थोडाच ढिला कर. पाणी तेलापेक्षा जड असते, नाही का सर? गाडी रात्रभर उभी राहिली. पाणी असन तर खाली बसलं असन. आधी काय येते थे पाहू."

आधी पाणी आलं. चमचाभर, स्वच्छ, जरा गंजकट. मग तेल आलं, आणि ते तेल नव्हतं. गिअर ऑइल मधासारखं वाहतं, दाट आणि आरपार दिसणारं. हे जे पांढऱ्या तसराळ्यात पडत होतं ते स्टेशनवरच्या कॉफीच्या रंगाचं होतं, दुधाळ. पाणी आणि तेल चाकांनी एकत्र घुसळलं की असं होतं. काकाजींनी बोट बुडवलं (हे बोट), अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. गिअर ऑइलला एक उग्र वास असतो, गंधकाचा, काळ्या मिठाच्या भावासारखा. दातावर दात घासताना तेलाची साय फाटू नये म्हणून त्यात गंधकाची संयुगं घातलेली असतात. पाणी शिरलं की ती साय टिकत नाही. दात कोरडे पडतात आणि बेअरिंग गंजतं.

शिवाय आणखी एक पुरावा होता. प्लगच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर राखाडी लेप होता आणि लेपात दोन-तीन चकाकते कण. भाच्याने विचारलं, एवढं तर असतंच ना? काकाजींनी लेप चिमटीत घेतला आणि आयुष्यभराचं शास्त्र एका वाक्यात सांगून टाकलं: "पिठी चालते. रवा चालत नाही."

ही व्याख्या मला इतकी आवडली की मी ती घरी जाऊन लिहून ठेवली. चाकं नवी असताना एकमेकांना घासून थोडी पिठी पाडतात, ते त्यांचं ओळख करून घेणं. बोटांना कणी लागली की समजायचं, दातांचे टवके उडायला लागले.

पाणी शिरलं कुठून? काकाजींनी पंखा काढला. त्याच्या मागे, दांड्याच्या मुळाशी, हिरवट केसांचा अंबाडा बसला होता. तो सोडवायला चाकू लागला. तंगूस! कोणीतरी गळ टाकून बसलेल्या माणसाचा तुटलेला तंगूस पंख्यात सापडला, हजारो फेऱ्यांत घट्ट गुंडाळला गेला आणि त्याने रबरी ऑइल सीलचा ओठ लोण्यासारखा कापला. तिथे दोन सीलं पाठीला पाठ लावून बसवलेली असतात. एकाचं काम आतलं आत ठेवायचं, दुसऱ्याचं बाहेरचं बाहेर. आमच्या लेआउटमध्ये असे दोन लोक मिळाले असते तर अर्धी भांडणं मिटली असती.

"काहून बे," काकाजींनी विचारलं, "संध्याकाळी बोट लावतो तवा ही शेपटी वर उचलतो का पाण्यातच ठेवतो?"

"पाण्यातच."

"मंग पाणी आत खेचणारच. दिवसभर पळून गरम झालेली, थंड पाण्यात उभी राहिली का आतली हवा आकसते. फटीतून पाणी ओढते. तू घरी जाऊन झोपला का ती पाणी पिते."

भाचा मान खाली घालून ऐकत होता. पेट्रोल, लाइफ जॅकेट, परवाना, गिऱ्हाईक हे सगळं तो सांभाळतो, पण शेपटीचं तेल १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदलावं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याची चूक म्हणावी तर आपण घरच्या कूलरचा पंप फडफडायला लागल्याशिवाय झाकण उघडून पाहतो का? मी तरी नाही.

डबा उघडायचं काम दुपारी आंब्याच्या सावलीत झालं, आणि मी जेवण आटोपून परत येऊन बसलो. पहिल्यांदाच मला ते दात जवळून दिसले. शंकूच्या आकाराची चाकं, त्यावर तिरके वळत गेलेले दात, जसा एखादा मोठा शिंपला उलगडावा. वरच्या डब्यातली जोडी ठीक होती. खालच्या पिनियनच्या दोन-तीन दातांवर मात्र उंदराने कुरतडल्यासारखे बारीक खड्डे. याला 'पिटिंग' म्हणतात. दाताच्या त्याच जागेवर लाखो वेळा भार पडला की पृष्ठभागाच्या खाली केसासारखी भेग पडते, भेग वर येते आणि टवका सुटतो. वरून गुळगुळीत दिसणारी गोष्ट आतून आधीच निघालेली असते. हे मी रस्त्यांवरून ओळखतो, दातांवर पहिल्यांदा पाहिलं.

"पण याच जोडीवर का? वरची चांगली आहे," मी विचारलं.

"चावा पाहू," काकाजी म्हणाले.

चावा हा त्यांचा शब्द. दोन चाकांचे दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात ते डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून एकाच्या दातांना रंग लावून चाक फिरवायचं. दुसऱ्यावर जो ठसा उठतो तो चावा. तो दाताच्या मधोमध, लांबट, तांदळाच्या दाण्यासारखा पाहिजे. फिटर लोक याला 'ब्लू मारणे' म्हणतात, कारण प्रशियन ब्लूची नळी मिळते. ती घरात नव्हती, आणि भर दुपारी ४४ अंशांत महालच्या बाजारात जाऊन कोण आणणार? काकाजींनी आत वळून हाक मारली, "अवं, शेंदूर हाये का?"

काकू बाहेर आल्या. हनुमान जयंतीचा उरलेला शेंदूर पुडीत होता, पण तो कशासाठी हे कळल्यावर त्यांनी पुडी मुठीत आवळली. "मारुतीचा शेंदूर मशीनले?" मग काकाजींनी सांगितलं की त्यांच्या उमेदवारीच्या काळातले जुने फिटर शेंदूरच वापरायचे, तेलात कालवून. आणि ते खरं आहे. शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड, आणि जगभरच्या कारखान्यांत हाच लाल शेंदूर तेलात खलून बेअरिंगला आणि दातेरी चाकांना लावत असत, नीट बसलं का ते पाहायला. मारुतीला लावतात तोही तेलात कालवूनच. कृती एकच. (शिसं विषारी असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, हे मास्तर म्हणून सांगणं भाग आहे. काकाजींनी धुतले. काकूंनी दोनदा धुवायला लावले.)

"अन् आज शनिवार हाये," काकाजींनी शेवटचा मुद्दा मांडला. काकूंनी पुडी दिली.

चाक फिरलं. शेंदऱ्या रंगाचे ठसे दातांच्या मधोमध नव्हते. सगळे एका कडेला सरकून बसले होते, जशी एसटीत तिसरी सवारी सीटच्या काठावर बसते. आधी केव्हातरी कोणीतरी हा डबा उघडला होता आणि परत बंद करताना एक पातळ चकती, शिम, आत टाकायची राहून गेली होती. ०.०५ मिलिमीटरचीही शिम येते, कागदापेक्षा पातळ. तेवढ्या फरकाने सगळा भार दातांच्या कडेवर आला होता.

मला तेव्हा मागच्या वर्षीची गोष्ट आठवली. काकाजींची कवळी नवी केली, तेव्हा सोबत मी गेलो होतो. दंतवैद्य बाईंनी त्यांच्या दातांमध्ये निळ्या कागदाची पट्टी ठेवली आणि म्हणाल्या, "चावा." काकाजींनी चावलं. पट्टी काढली, तर एका दाढेवर निळा ठिपका. तेवढीच जागा उंच होती. ती बाईंनी जराशी घासली, पुन्हा पट्टी, पुन्हा चावा. काकाजी तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "सर, बाई ब्लू मारून राहिली होती. शिकलेली हाये चांगली." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही.

दातांचं गणितही गमतीचं असतं. समजा एका चाकाला १२ दात आणि दुसऱ्याला २४. मग पहिल्याचा एक दात जन्मभर दुसऱ्याच्या त्याच दोघांना भेटत राहणार. एक वाकडा असला की समोरच्या दोघांचं आयुष्य बरबाद. पण १३ आणि २१ ठेवले, तर कोणताही दात त्याच दाताला पुन्हा भेटायला २७३ दात मध्ये जावे लागतात. सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडते, झीज वाटली जाते. म्हणून शहाणे लोक १ सोडून दुसरा सामाईक भाजक नसलेले आकडे निवडतात. आणि तरीही ही चाकं विकतात ती जोडीनेच. कारखान्यात ती एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. पिनियन खराब झालं म्हणून एकटं पिनियन बदलता येत नाही, क्राऊनही बदलावं लागतं. सत्यनारायणाला एकटा यजमान बसत नाही, तसंच. मुंबईहून जोडीची किंमत कळली तेव्हा भाचा काही बोलला नाही. त्याने फक्त छोट्या हत्तीकडे पाहिलं, विकला तर किती येतील या नजरेने.

जोडी यायला आठ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत शेपटी आमच्या लेआउटची झाली. येणारा-जाणारा थांबून पाही. पोरांनी पंखा फिरवून घेतला. बोटीवर चर्चा निघाली की नागपूरकराला २३ सप्टेंबर २०२३ आठवतोच. त्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरांत शिरली, माणसं गेली, आणि ज्या गल्ल्यांतून आपण भाजी आणतो तिथे जवानांच्या रबरी बोटी फिरल्या. समोरच्या आजींची बहीण तशाच एका बोटीतून बाहेर आली होती. आजी शेपटीकडे पाहून म्हणाल्या, "त्या बोटीले हे नव्हतं." बरोबर होतं. त्या बोटींना मागे टांगायची मोटर असते. तिचं इंजिनच उभं असतं, दांडा आधीच खाली पाहत असतो, त्यामुळे एकदाच वळावं लागतं. आजींनी ते वळण पाहिलेलं नव्हतं, पण मशीन नीट पाहून ठेवलं होतं. त्यानंतर त्यांनी लिंबाचा विषय काढला नाही.

त्या आठ दिवसांत काकाजींनी आणखी एक गोष्ट शोधली. शेपटीच्या अंगावर एक राखाडी धातूचा ठोकळा बोल्टने बसवलेला होता. हा स्वतः गंजतो आणि बाकीच्यांना वाचवतो. कोकणातली बोट म्हणून तो जस्ताचा, खाऱ्या पाण्यासाठी. गोड्या पाण्यात जस्तावर कडक पापुद्रा चढतो आणि ते काम थांबवतं. तिथे मॅग्नेशियमचा लागतो. बदलीवर आलेल्या माणसासारखं त्याचं झालं होतं: खुर्चीवर होता, हजेरी लागत होती, पण काम तिकडचंच येत होतं. त्याची बदली केली.

जोडी आली, सीलं आली, बेअरिंग आलं. शिम टाकली, पुन्हा शेंदूर, पुन्हा चावा, आणि तिसऱ्या खेपेला ठसे मधोमध, तांदळाचे दाणे ओळीने मांडावेत तसे. पंखा हाताने हलवला तर किंचित खुट्ट लागलं. भाचा घाबरला. "प्ले राहिला मामाजी." काकाजी म्हणाले, तेवढा पाहिजेच. गरम झाल्यावर लोखंड फुगतं, मध्ये तेलालाही जागा लागते. "इतकं घट्ट बसवलं का बोलायले जागा नाही, तं दात तुटते."

आता परीक्षा. डबा बंद करून, तेल भरण्याआधी, आत हलक्या दाबाची हवा भरायची आणि खालचा भाग पाण्यात बुडवायचा. फट असली तर बुडबुडे येतात. म्हणजे पाणी लागणार. अर्धा ड्रम. आणि तो दिवस शुक्रवार.

बेसात शुक्रवारी अर्धा ड्रम मागणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. काकूंनी सरळ नकार दिला. मी दोन बादल्या दिल्या. आजींनी एक गुंड दिला, मोजून. समोरच्या बँकवाल्या भाऊंनी आधी तत्त्वाचा प्रश्न काढला, की पाणी आत जात नाही हे पाहायला पाणी खर्च करणं योग्य आहे का, आणि मग एक बादली दिली. पाणी नंतर झाडांना घालायचं या अटीवर. अशा वर्गणीच्या पाण्यात शेपटी उतरली, आणि सगळे दाते आपापल्या पाण्यावर लक्ष ठेवून ड्रमभोवती उभे राहिले.

भाच्याने सायकलच्या पंपाने हवा भरली. काटा चढला. दांड्याच्या सीलपाशी काही नाही. दोन डब्यांच्या सांध्यात काही नाही. काकाजींच्या चेहऱ्यावर हिंगणा दिसायला लागलं. तेवढ्यात खालच्या प्लगपासून एक बुडबुडा निघाला, मोहरीएवढा, हळू हळू वर आला आणि फुटला. मग दुसरा.

"वायसर," आजी म्हणाल्या. त्यांच्या घरात पाच नळ आहेत.

वायसरच होता. नव्या दहा वायसरांचं पाकीट बाकावर तसंच पडलं होतं. काकाजींनी जुनाच परत लावला होता, अजून चांगला आहे म्हणून. एवढं दात, चावा, शिम, शेंदूर करून शेवटी रुपया-दोन रुपयांच्या चकतीने त्यांना पकडलं. त्यांनी काही सबब सांगितली नाही. प्लग काढला, जुना वायसर काकूंच्या तुळशीत फेकला, नवा लावला. काटा चढला तिथे रात्रभर उभा राहिला.

सकाळी तेल भरलं, तेही उलटं. आपण बाटली वरून भरतो. हे खालच्या भोकातून पंपाने वर चढवायचं, म्हणजे आतली हवा वरच्या भोकातून निघून जाते. वरून भरलं तर मध्ये हवेचा फुगा अडकतो आणि आपल्याला वाटतं भरलं. वरून बिनबुडबुड्याचं तेल ओघळायला लागलं की आधी वरचा प्लग बंद करायचा, मग खालचा पंप काढायचा. वर बंद असलं की खालून तेल लगेच सांडत नाही. सरबताच्या नळीवर पोरं बोट ठेवतात, तसं. काकाजींनी भाच्याकडून ते करून घेतलं आणि त्याने खालच्या भोकावर पटकन बोट ठेवलं. आजी जवळच होत्या. "आता बोटीत बोट," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहून लिंग तपासून घेतलं.

शेपटी गेली. बारदान काकूंनी पायपुसणीला ठेवून घेतलं. ड्रममधलं पाणी ठरल्याप्रमाणे आंब्याला आणि माझ्या कढीपत्त्याला गेलं. बँकवाले भाऊ आपली बादली मोगऱ्यालाच गेली का ते स्वतः पाहून गेले.

त्याच सकाळी टँकर आला. मागच्या लहान नळातून त्याचं पाणी टपकत होतं, नेहमीसारखं. बेसा चौकापासून आमच्या लेआउटपर्यंत रस्त्यावर ओली रेघ येते, तीच. काकाजींनी खिशातून वायसरचं पाकीट काढलं. दोन वापरले होते, आठ उरले होते. साइज लागतो का पाहत ते नळाशी वाकले.

"राहू द्या न काकाजी," ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला. "थे टपकते म्हणून तं मालकाले समजते, गाडी कुठून कुठून गेली."